ओठावरची खाच



आपल्या या व्याख्यानमालेत संतवाङ्मय झाले, नाट्यसंगीत झाले, मोडी कागदपत्रांवरही एक वर्ष झाले. प्राणिशास्त्राच्या निवृत्त शिक्षिकेला बोलावण्याचा प्रसंग बहुधा पहिलाच असावा. चिटणीसांचा फोन आला तेव्हा मी म्हटले, "अहो, मी जन्मभर बेडूक आणि कोंबडीची अंडी हाताळली. साहित्यातले मला काय कळते?" ते म्हणाले, "सयाजीराव महाराजांनी बडोद्यात साहित्यमाला काढली, तेव्हा तीत शास्त्राच्या पुस्तकांनाही जागा होतीच की. तुम्ही अंड्यावरच बोला." तेव्हा आज मी अंड्यावर बोलणार आहे आणि अंड्यावरून माणसाच्या ओठावर येणार आहे.

आधी एक विनंती. नाक आणि वरचा ओठ यांच्यामध्ये बोट टेकवा. तिथे एक उभी खाच आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक कडा आहेत. पुरुषांना मिशांमुळे जरा शोधावी लागेल. ती खाच ध्यानात ठेवा, शेवटी तिच्याकडेच यायचे आहे.

खुडूक कोंबडी अंड्यांवर एकवीस दिवस बसते, हे खेड्यातल्या पोरांनाही ठाऊक असते. आमच्या प्रयोगशाळेत कोंबडीच्या जागी उबवणीची पेटी असे. पहिल्या दिवशी अंडे फोडले तर पिवळ्या बलकावर फिकट पांढरी चकती दिसते, टिकलीएवढी. तिच्यात ना डोके, ना पाय. दीड दिवसाच्या आसपास त्या चकतीत एक नळी थरथरू लागते. हे हृदय. अजून त्यात कप्पे नाहीत, रक्तही धड वाहत नाही, पण ठोके सुरू झालेले असतात. तिसऱ्या दिवशी तो लाल ठिपका साध्या डोळ्यांना दिसतो. मी तीस वर्षे विद्यार्थ्यांना हे दाखवले, आणि दर वर्षी खिडकीतून अंड्यात डोकावणारी मुले त्या क्षणी गप्प होत. दर वर्षी एकदोन मुली, बहुधा शाकाहारी घरातल्या, नाकाला रुमाल लावून मागे उभ्या राहत आणि मग त्याच सगळ्यांत शेवटी टेबलापासून हलत.

तो ठिपका सव्वादोन हजार वर्षांपूर्वी ॲरिस्टॉटलने पाहिला आणि लिहून ठेवला. तीन दिवस आणि तीन रात्री झाल्या की रक्ताचा एक ठिपका जिवंत असल्यासारखा उड्या मारतो, असे त्याचे निरीक्षण आहे. त्यामुळे हृदय सर्वांत आधी होते असे त्याने ठरवले.

हा "आधी काय" चा वाद आपल्याकडेही झाला आहे, आणि तो मला फार आवडतो. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात तो आला आहे. गर्भाचा कोणता अवयव प्रथम होतो? शौनक म्हणतो डोके, कारण इंद्रियांचे मूळ तिथे. कृतवीर्य म्हणतो हृदय, कारण बुद्धी आणि मन यांचे ते स्थान. पाराशर्य म्हणतो नाभी, कारण देह तिथून वाढतो. मार्कण्डेय म्हणतो हातपाय, कारण गर्भ हालचाल त्यांनीच करतो. सुभूती गौतम म्हणतो धड, कारण बाकी सगळे त्याला जोडलेले. सगळ्यांचे ऐकून धन्वंतरी म्हणतो की हे बरोबर नाही, सर्व अवयव एकाच वेळी होतात, फक्त अतिसूक्ष्म असल्यामुळे दिसत नाहीत. दाखला त्याने दिला आहे वेळूच्या कोंबाचा आणि आंब्याचा. पिकल्या आंब्यात रेषा, गर, बाठा आणि आतली कोय वेगवेगळी दिसतात. कोवळ्या कैरीत ती दिसत नाहीत, पण असतात.

मला या वादात काय भावते, तर प्रत्येक मताला कारण दिलेले आहे आणि विरोधी मते गाळलेली नाहीत. पण शिक्षिका म्हणून गुण द्यायचे झाले तर धन्वंतरीला पूर्ण गुण देता येत नाहीत. सगळे एकदम सुरू होत नाही. शिवाय कैरीचा दाखला एका मोठ्या फसव्या कल्पनेकडे नेऊ शकतो, की गर्भात सगळे आधीपासून बारीक आकारात तयार असते आणि ते नुसते फुगत जाते. युरोपात सतराव्या-अठराव्या शतकात मोठमोठे विद्वान असेच मानत. काहींनी तर पुरुषबीजाच्या डोक्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेला इवलासा माणूस कल्पून त्याचे चित्रही काढले. १७५९ साली कास्पार वोल्फ या तरुणाने कोंबडीच्या अंड्याकडे नीट पाहून सांगितले की तसे नाही. आधी जिथे काहीच आकार नव्हता तिथे रक्तवाहिन्या नव्याने उमटतात. आतड्याची नळी आधी नळी नसतेच, ती सपाट पापुद्र्याची घडी पडून होते. त्याचे म्हणणे लोकांना पटायला पुढे कितीतरी वर्षे गेली.

घडी हा शब्द लक्षात घ्या. आपले शरीर घड्यांनी बनले आहे. त्या पांढऱ्या चकतीचे तीन थर होतात, हे १८१७ साली पांडर याने कोंबडीच्या गर्भात दाखवले. वरच्या थरातून त्वचा आणि मेंदू, मधल्यातून हृदय, रक्त, हाडे, स्नायू, मूत्रपिंडे, आतल्यातून आतडे, यकृत, फुफ्फुसांचे अस्तर. मेंदू आणि त्वचा एकाच थरातून येतात हे ऐकून वर्गात नेहमी खळबळ होई. पाठीच्या मध्यरेषेवर त्या थराला पन्हळ पडते, पन्हळीच्या दोन्ही कडा उचलल्या जातात, मधोमध येऊन एकमेकींना चिकटतात आणि नळी होते. करंजी मुरडताना कडा जुळवतो तसे. ती नळी म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जू. माणसात ती अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत बंद होते, आणि तेव्हा गर्भ तांदळाच्या दाण्याहून मोठा नसतो. कित्येक बायकांना आपल्याला दिवस गेले आहेत हेही तोवर कळलेले नसते.

आता प्रश्न असा, की पेशीला कळते कसे? एकाच थरातल्या दोन पेशी. एक होते डोळ्याचे भिंग, दुसरी होते गालाची कातडी. कोण सांगते?

याचे उत्तर शोधण्यात जर्मनीतल्या हान्स श्पेमान यांनी आयुष्य घालवले. त्यांची हत्यारे म्हणजे काचेच्या बारीक सुया आणि तान्ह्या बाळाच्या केसाचा फास. १९०१ साली त्यांनी बेडकाच्या गर्भात एक प्रयोग केला. मेंदूतून एक फुगा बाहेर निघतो आणि डोक्याच्या कातडीला आतून टेकतो. तो फुगा म्हणजे पुढे होणारा डोळ्याचा पडदा. जिथे तो टेकतो तिथली कातडी जाड होऊन भिंग बनते. श्पेमान यांनी तो फुगा आधीच नष्ट केला. भिंग झालेच नाही. कातडी तीच, जागा तीच, फक्त शेजारी आला नाही.

पुढे त्यांच्या विद्यार्थिनीने, हिल्डे मांगोल्ड हिने, पाणसरड्यांच्या दोन जाती घेतल्या, एकीचा गर्भ फिकट तर दुसरीचा गडद. फिकट गर्भातला एक चिमुकला तुकडा काढून तिने गडद गर्भाच्या पोटाच्या बाजूला बसवला. त्या गर्भाच्या पोटावर दुसरा गर्भ उगवला, पाठीचा कणा आणि मज्जेची नळी यांसकट. आणि रंग पाहिला तर त्या दुसऱ्या गर्भातल्या बहुतेक पेशी गडद होत्या, म्हणजे यजमानाच्या. पाहुण्याने आपले शरीर वाढवले नव्हते. त्याने शेजाऱ्यांना कामाला लावले होते. पोटाची कातडी व्हायचे ज्यांच्या नशिबी होते, त्या पेशी मेंदू झाल्या. हे १९२४ साली छापून आले. त्याच वर्षी घरात स्टोव्हच्या अपघातात भाजून हिल्डे गेली. पंचवीस वर्षांची होती, घरात तान्हे मूल होते. १९३५ साली श्पेमान यांना नोबेल मिळाले. ही हकिगत सांगताना माझा आवाज दर वर्षी थोडा बदलत असे, हे विद्यार्थ्यांनीच मला सांगितले.

हे काम आपल्यापासून दूर राहिलेले नाही. वॉडिंग्टन यांनी तशाच तऱ्हेचे प्रयोग पक्ष्यांच्या गर्भावर केले, आणि एडिंबरोला त्यांच्याकडे शिकून आलेल्या लीला मुल्हेरकर यांनी पुणे विद्यापीठात कोंबडीच्या गर्भाचा अभ्यास रुजवला. १९५८ साली छापलेला त्यांचा निबंध याच विषयावर आहे, गर्भाचा कोणता भाग शेजाऱ्याला काय बनवू शकतो यावर. माझ्या पिढीतल्या प्राणिशास्त्राच्या मुलींना हे नाव ऐकून बळ येई.

शेजाऱ्यांची बोलणी दोन्ही बाजूंनी चालतात. मूत्रपिंडाचे पाहा. खालून एक नळी कोंब फोडून वर येते, आणि वर पेशींचा एक पुंजका वाट पाहत असतो. पुंजका खुणावतो तेव्हा नळीला फांद्या फुटतात. फांदी येऊन भिडते तेव्हा पुंजक्यातल्या पेशींच्या गाळण्या होतात. एक नसेल तर दुसराही काही करत नाही. कोणी वर बसून नकाशा वाचत नसतो. पूर्वी मी वर्गात "आराखडा" हा शब्द वापरत असे, पुढे सोडला. घर बांधताना वीट विटेशी बोलत नाही.

बोलणी म्हणजे काय, तर पेशी रसायने सोडते, शेजारची ती ओळखते आणि तिच्यातली काही जनुके जागी होतात, काही झोपतात. पण हे ऐकण्याची पेशीची एक वेळ असते. ती उलटली की तेच रसायन पुन्हा आले तरी ती दाद देत नाही. हाताचा पंजा आधी वल्ह्यासारखा असतो. बोटांच्या मधल्या पेशी ठरल्या वेळी मरतात, म्हणून बोटे सुटी होतात. बदकाच्या पायात त्या मरत नाहीत. आपल्याला मात्र बोटे मिळतात ती काही पेशी वेळेवर मेल्या म्हणून.

आता ओठ. पाचव्या आठवड्यात गर्भाला चेहरा असा नसतो. वर कपाळाचा उंचवटा, दोन्ही बाजूंना गालांचे उंचवटे, खाली हनुवटीचे. हे उंचवटे ज्या पेशींनी भरलेले असतात त्यांतल्या बऱ्याचशा चेहऱ्याच्या नसतातच. मघाची मेंदूची नळी मिटताना तिच्या कडेवरून काही पेशी निसटतात आणि प्रवासाला निघतात. चेहऱ्याची हाडे त्यांच्यातून होतात, कातडीचा रंग देणाऱ्या पेशी त्यांच्यातून होतात, आतड्यातल्या मज्जापेशीही त्यांच्यातूनच. निकोल ल दुआरँ या फ्रेंच संशोधिकेने लाव्याच्या गर्भाचा तुकडा कोंबडीच्या गर्भात बसवून हे प्रवास पेशीगणिक दाखवले. लाव्याची पेशी सूक्ष्मदर्शकाखाली ओळखू येते, म्हणून. आपण बडोद्याचे मराठी लोकही कुठून कुठून निघून इथे येऊन ठेपलो, तेव्हा या पेशींविषयी मला जरा जास्तच जिव्हाळा आहे, हे मान्य करते.

तर या चेहऱ्यावर नाकाच्या जागी दोन खळगे पडतात. त्यांच्या आतल्या कडा मधल्या बाजूला असतात. गालांचे उंचवटे दोन्हीकडून आत सरकत येतात, त्या कडांना मध्यावर ढकलतात आणि त्यांना येऊन मिळतात. नुसते टेकून भागत नाही. टेकलेल्या जागी दोन्हीकडची वरची कातडी विरघळावी लागते, म्हणजे आतले मांस सलग होते. मघाशी बोट लावलेली खाच ही मधल्या भागाची आहे, आणि तिच्या दोन कडांशी हा सांधा आहे. सातव्या आठवड्याच्या अखेरीस हे काम उरकलेले असते. एखादा उंचवटा थोडा कमी वाढला किंवा उशिरा पोचला तर फट राहते. म्हणूनच दुभंगलेल्या ओठाची फट बहुधा मधोमध नसते, खाचेच्या एका बाजूला असते, आणि उजवीपेक्षा डावीकडे अधिक वेळा. टाळू यानंतर जुळतो, त्याची वेळ वेगळी आहे.

आता घरातली गोष्ट. माझ्या मोठ्या जाऊबाईंची. त्यांना विचारून सांगते आहे.

१६ फेब्रुवारी १९८०, शनिवार. दुपारी सूर्यग्रहण होते. ज्यांना आठवत असेल त्यांना आठवेल, रस्ते ओस पडले होते. ताई गरोदर होत्या. सासूबाईंनी त्यांना आतल्या खोलीत बसवले होते. ग्रहण सुटायच्या जरा आधी धाकटी नणंद भुकेने रडू लागली, म्हणून ताई उठल्या आणि विळीवर तिला एक पेरू कापून दिला. एवढेच. जुलैच्या दहा तारखेला मुलगा झाला. वरचा ओठ डावीकडे दुभंगलेला.

पेरू कापताना कोणी पाहिले होते, कोणी नव्हते, पण संध्याकाळपर्यंत ते सगळ्यांना माहीत झाले. कोणी भांडले नाही. आमचे घर भांडणारे नव्हते. पण बारशाला, हळदीकुंकवाला, कोणी बाळाचे तोंड पाहिले की सासूबाई हळूच म्हणत, "ग्रहणात विळी घेतली हो हिनं." ताई मान खाली घालून उभ्या असत. बाळाला दूध ओढता येत नसे. त्या चमच्याने थेंब थेंब पाजत. तीन महिन्यांनी ओठ शिवला, चांगला जुळला. पण ताईंनी त्यानंतर कित्येक वर्षे विळी हातात धरली नाही. घरात भाजी मी चिरत असे.

त्या वर्षी मी कॉलेजात गर्भशास्त्र शिकवत होते. ओठ कोणत्या आठवड्यात जुळतो हे फळ्यावर लिहीत होते. मुलगा पूर्ण दिवसांचा होता. दहा जुलैवरून मागे मोजले तर गर्भधारणा ऑक्टोबरच्या मध्यावर येते, आणि ओठ जुळण्याची वेळ डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपते. ग्रहण त्यानंतर दहा आठवड्यांनी झाले. पेरू कापला तेव्हा त्या ओठाचे जे व्हायचे ते होऊन गेलेले होते. हे गणित मला बाळाच्या पाचवीलाच करता येत होते. केलेही होते. पण मी घरातली धाकटी सून. सासूबाईंसमोर गर्भधारणा, आठवडे, हे शब्द काढायचे कसे? मी गप्प राहिले.

बाहेरच्या गोष्टीने गर्भाला काहीच होत नाही, असे मात्र मी म्हणत नाही. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात काही मेंढ्यांना एका डोळ्याची कोकरे होत. शोध केला तेव्हा कळले की त्या मेंढ्यांनी गाभण राहिल्यावर चौदाव्या दिवशी डोंगरातली एक रानवनस्पती खाल्ली होती. डोळ्यांचे क्षेत्र आधी मध्ये एकच असते, खालून येणाऱ्या संदेशाने त्याचे दोन होतात. त्या वनस्पतीतले द्रव्य नेमका तो संदेश अडवते. एकदा तो दिवस टळला, की तीच वनस्पती खाऊनही कोकराला डोळे दोनच. माणसांत थॅलिडोमाइडचे उदाहरण आहे. पश्चिम जर्मनीत १९५७ साली हे औषध विक्रीला आले, मळमळीसाठी गरोदर स्त्रियाही घेऊ लागल्या, आणि हातपाय खुरटलेली हजारो मुले जन्मल्यावर १९६१ च्या नोव्हेंबरात ते तिथे मागे घेतले गेले. ज्यांनी ते पाचव्या महिन्यात घेतले त्यांच्या मुलांचे हात शाबूत राहिले. आणि चांगली बाजू अशी, की पहिल्या मुलाची मज्जानळी उघडी राहिली होती अशा स्त्रियांना दिवस जाण्याआधीपासून फॉलिक ॲसिड दिले तर पुढच्या मुलांतला हा दोष जवळजवळ तीनचतुर्थांशाने घटतो, हे १९९१ साली ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत सिद्ध झाले. आधीपासून, कारण नळी मिटते ती चौथ्या आठवड्यात. डॉक्टरकडे पहिली खेप घालायला आपण जातो तेव्हा बहुधा ती मिटलेली असते.

दुभंगलेल्या ओठाचे कारण विचाराल तर काही अनुवंशाचे, काही बाहेरचे. आईचे धूम्रपान, फेफऱ्यावरची काही औषधे, आधीपासूनचा मधुमेह यांनी धोका वाढतो. पण बहुतेक वेळा एका कारणावर बोट ठेवता येत नाही. ताईंच्या बाबतीतही येत नाही, आणि लोकांना हेच सहन होत नसावे. विळी निदान दाखवता येते.

बावीस जुलै २००९ रोजी सकाळी बडोद्यात खग्रास ग्रहण होते. आभाळ भरलेले होते, तरी साडेसहाच्या सुमारास दिवसाची रात्र झाली. तोच मुलगा आता एकोणतीस वर्षांचा, मिशीखाली बारीक व्रण असलेला, आणि त्याच्या बायकोला सातवा महिना सरत आलेला. आदल्या संध्याकाळी ताई माझ्याकडे आल्या. सुनेला आत बसवायचे, तर ती ऐकेना. "तू सांग तिला, तुझं ऐकते ती." मी भिंतीवरचे कॅलेंडर काढले आणि त्यांना जवळ बसवून सगळे मोजून दाखवले. तिचे नाही, आधी त्यांचे. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. मग फेब्रुवारी.

ताई बराच वेळ बोटांवर महिने मोजत राहिल्या. तीनदा मोजले. मग म्हणाल्या, "तुला हे तेव्हा माहीत होतं?"

"होतं."

"आई असताना?"

"हो."

"मग एकोणतीस वर्षं बोलली का नाहीस गं?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही. सासूबाई जाऊनही तेव्हा बारा वर्षे झाली होती.

उठताना त्यांनी विचारले, "हिच्या बाळाचा ओठ कधी झाला म्हणायचा?" मी म्हटले, "महाशिवरात्रीच्या सुमारास." त्या म्हणाल्या, "म्हणजे झालाच म्हणायचा." दारापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या, "तरी मी तिला आतच बसवणार हो. पण विळीचं काही बोलणार नाही."